अल कुसैसमधले बाबांचे आठ महिने

आई गेल्यावर बाबा चिंचवडच्या घरात एकटेच राहायला लागले. एका दुपारी साखर उतरून ते स्वयंपाकघरात पडले. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती म्हणून बरं, त्या डबा द्यायला आल्या आणि त्यांना बाबा ओट्याखाली सापडले. मी तेव्हा इथे, दुबईत, एका मीटिंगमध्ये होतो. फोन उचलला तोवर त्यांना सलाईन लावून झालं होतं. त्याच आठवड्यात मी ठरवलं, की बाबांना दुबईला आणायचं. ठरवलं मी. त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही.

जानेवारीत ते आले. विमानतळावर ट्रॉलीवर दोन बॅगा होत्या. एक कपड्यांची, हलकी. दुसरी लहान पण उचलताना खांदा निखळेल अशी. त्यात पाने, पक्कड, तीन-चार स्क्रू ड्रायव्हर, कानस, एक छोटी हातोडी आणि तेलाची पिचकारी होती. कस्टमच्या माणसाने ती बॅग उघडून बघितली आणि हसून सोडून दिली, हे त्यांनी मला गाडीत दोनदा सांगितलं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागलेला आणि फोरमन होऊन निवृत्त झालेला माणूस. आमच्या लहानपणी घरात कधी इस्त्रीवाला, मिक्सरवाला, नळवाला आला नाही. आळीतल्या लोकांचे पंखेही आमच्या ओसरीत उघडलेले असायचे.

आमचं घर अल कुसैसमध्ये, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. लेकीने आपली खोली आजोबांना दिली आणि ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागली. चौदा वर्षांची मुलगी. तिने कुरकुर केली नाही, पण खोलीच्या दारावरचं आपल्या नावाचं स्टिकरही काढलं नाही. बायको एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर, सकाळी सातला बाहेर. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचो, बेडरूमचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून.

पहिल्याच आठवड्यात बाबांनी बॅगेतून आईचा फोटो काढला आणि हातोडी हातात घेतली. त्यांना सांगावं लागलं, की भिंतीला भोक पाडायला इथे परवानगी नाही, तसं करारात लिहिलंय. मी चिकटणारा हुक आणला, एकवीस दिरहॅमला दोन. त्यांनी लगेच हिशोब मोठ्याने केला, म्हणजे पाचशे रुपये. हुक नऊ दिवस टिकला. मग तो फोटो फ्रिजवर गेला, आणि येताजाता कोणाला तरी सरळ करावा लागे.

"भाड्याच्या घरात आम्हीपण राहिलोय," ते म्हणाले. "पण खिळा मारायला कोणाला विचारलं नाही."

मार्चपर्यंत बरं चाललं. ते सकाळी खाली चक्कर मारायचे, सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर हुंगून परत ठेवायचे, बाकड्यावर बसायचे. बोलायला कोणी नव्हतं. वॉचमन पेशावरकडचा, त्याचं हिंदी आणि बाबांचं हिंदी एकमेकांना जेमतेम कळायचं. मे उजाडला आणि सकाळी आठलाच बाहेर पाऊल ठेववेना. तेव्हापासून बाबा घरातच. सोफा, गॅलरीची काच, त्यांची खोली. दिवसभर मोबाइलवर मराठी बातम्या लावलेल्या, आवाज मोठा, कारण एका कानाने कमी ऐकू येतं.

बातम्यांवरून आमचे वाद व्हायचे. कोणता पक्ष फुटला, कोणी कोणाला पाठिंबा दिला, आमच्या वॉर्डातला रस्ता तिसऱ्यांदा का खणला. मी जेवताना माझं मत मांडायचो. अर्ध्या तासात देश सरळ करण्याचे माझे उपाय मला तोंडपाठ होते. बाबा ऐकून घ्यायचे आणि एकदा म्हणाले, "चौदा वर्षांत एकदाही मत द्यायला आला नाहीस. मग मत मांडतोस कशाला?" त्यात चिडणं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी त्यांना आवाज कमी करायला सांगितलं, भिंती पातळ आहेत, शेजारी निरनिराळ्या देशांचे आहेत, इथे राजकारणावर मोठ्याने बोलू नये. ते म्हणाले, आपण आपल्या नगरसेवकाबद्दल बोलतोय. मी म्हटलं, तरीपण.

तंत्रज्ञानाचा त्यांना राग नव्हता, हेही सांगायला हवं. लोक समजतात म्हातारी माणसं मोबाइलला घाबरतात. बाबा वीजबिल, गॅस, औषधं, सगळं फोनवरून भरायचे. त्यांची तक्रार वेगळी होती. नव्या वस्तूंना स्क्रू नसतो. फोन, टूथब्रश, दिवे, सगळं चिकटवून बंद केलेलं. उघडून बघताच येत नसेल तर ती वस्तू आपली कशी, ती दुकानदाराचीच, आपण फक्त सांभाळतो, असं ते लेकीला समजावून सांगत होते. ती म्हणाली, "आजोबा, यू कॅन जस्ट बाय अ न्यू वन." त्यांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं आणि विषय सोडला.

परत जायचं ते एप्रिलपासूनच बोलायला लागले होते. आधी गमतीने, की आंब्याच्या दिवसांत जाऊन येतो. मग टाकी साफ करायची आहे. मग पेन्शनच्या कागदाचं काम आहे. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "बघू."

जूनमध्ये हॉलच्या बाजूच्या बाथरूमचं हँडल सैल झालं. दार लावलं की उघडायला दोनतीनदा फिरवावं लागे. बाबांनी ते चालवून बघितलं, कान लावून ऐकलं आणि सांगितलं, आतली स्प्रिंग जातेय, दहा मिनिटांचं काम आहे. ते आपली बॅग घेऊन आले आणि जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून बसले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसत होता.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आपण हात लावला आणि काही मोडलं तर जबाबदारी आपली. इथे पद्धत आहे, ॲपवर तक्रार टाकायची, त्यांचा माणूस येतो. हे सांगताना माझा ऑफिसातला आवाज लागला, तो मलाही ऐकू आला.

"तुझं ऑफिस हेच करतं ना?" त्यांनी विचारलं.

हेच करतं. आमची कंपनी इमारतींची देखभाल करते, आणि रहिवाशांच्या तक्रारींचा विभाग माझ्याकडे आहे. आमची इमारत दुसऱ्या कंपनीकडे होती, पण सगळीकडचं चक्र सारखंच. तक्रार आली की नोंद, नोंद झाली की निरोप, दोन दिवसांत रहिवाशाने फोन उचलला नाही तर तक्रार आपोआप बंद. आमच्याकडे हा शेवटचा नियम मीच सुचवला होता. त्याने थकलेल्या तक्रारींचा आकडा एकदम खाली आला आणि मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्या टेबलावर होतं, लॅपटॉपच्या मागे.

मी तक्रार टाकली. त्यांच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी कॉलवर होतो. दोन दिवसांनी निरोप आला, की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, अनुभव कसा वाटला ते कळवा. खाली पाच तारे. पुन्हा टाकली, पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या वेळी मला राग आला नाही. मला ते कसं होतं हे इतकं नीट माहीत होतं, की रागाला जागाच नव्हती. आणि बाबांनी मधेच काही उघडून ठेवू नये म्हणून मी त्यांची हत्यारांची बॅग उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. ते बघत होते. बाथरूमची कडी आतून लावू नका, नुसतं दार लोटा, एवढं मी त्यांना बजावलं. ते पडतील, ही माझी भीती होती.

जुलैमधला शुक्रवार होता. इथे शुक्रवारी अर्धाच दिवस काम असतं, पण आमची मुख्य कंपनी युरोपातली, त्यांना तो पूर्ण दिवस. बारा वाजता त्यांच्याबरोबर आढाव्याची मीटिंग सुरू झाली. बायको क्लिनिकमध्ये, लेक सुट्टी असल्याने दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे. बाबांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं, ताट वाढून टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. मागे दार लागलं.

एक वाजता माझ्या खोलीचं दार उघडलं आणि लेकीने माझ्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले. तिचा चेहरा पांढरा झाला होता. "आजोबा इज स्टक," ती म्हणाली. "ही इज बँगिंग सिन्स आय डोन्ट नो व्हेन."

माझ्या खोलीपासून ते दार आठ पावलांवर आहे. बाबा साबणाच्या स्टीलच्या डबीने दारावर ठोकत होते, पाऊण तास. मी हँडल फिरवलं. ते गोल गोल फिरलं, पलीकडे काहीच हललं नाही.

"स्प्रिंग तुटली," आतून बाबा म्हणाले. आवाज शांत होता. "कुलपाची जीभ मागे येत नाहीये. तू हँडलशी झटू नकोस, उपयोग नाही."

मी म्हटलं, दार तोडतो. ते म्हणाले, "आत उघडतं ते. मी दाराला चिकटूनच बसलोय, जागाच नाही. तोडलंस तर माझ्याच अंगावर येईल." मग जरा थांबून म्हणाले, "इंजेक्शन घेतलंय रे मी. जेवलो नाही अजून."

टेबलावर त्यांचं ताट होतं. वरण-भात, वर ताटली झाकलेली.

लेक माझ्याआधी हलली. तिने कागदावर साखर घेतली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. फट बोटभर होती. मग चिक्कीचे तुकडे. मग तिने झिपच्या पिशवीत आंब्याचा रस भरला, हवा काढून पिशवी चपटी केली आणि तीही सरकवली. आतून बाबांनी "हां, आली" म्हटलं. नळाचं पाणी त्यांना पिता येत नव्हतं. जुलैत इथे थंड पाण्याच्या नळालाही चटका बसेल असं पाणी येतं, टाक्या गच्चीवर तापलेल्या असतात. त्या बाथरूमला खिडकी नाही. एसीची झडप नाही. एक छोटा पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढाच.

मी दार आणि चौकटीमधल्या फटीत बँकेचं कार्ड घालून बघितलं. बाबा आतून सांगत होते, प्लास्टिक नको, पातळ पत्रा लागेल, कोपऱ्यावरून वळणारा. कार्ड तुटलं. मी उलथनं आणलं, ते जाड होतं, फटीत शिरेना. पत्रा मिळतो कुठे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. हत्यारं चार मजले खाली डिकीत होती. लेकीला किल्ली देऊन पाठवलं. ती बॅग दोन्ही हातांनी ओढत वर घेऊन आली. त्यातलं काय वापरायचं ते बाबा सांगत होते, आणि माझ्या हातांना ते करता येत नव्हतं. हँडलचे दोन स्क्रू काढले, तिसऱ्याचं डोकं मी घासून गुळगुळीत करून टाकलं.

मी ॲप उघडलं. तातडीच्या तक्रारींच्या यादीत पाण्याची गळती होती, विजेचा धोका होता, लिफ्टमध्ये अडकलेली व्यक्ती होती. घरात अडकलेली व्यक्ती नव्हती. ती आमच्या कंपनीच्या यादीतही नाही, मी ती यादी केली तेव्हा सुचलं नव्हतं. मी लिफ्ट निवडली, कारण लिफ्टला पंधरा मिनिटांत माणूस येतो. आणि तो आला. खाली लिफ्टपाशी आला, वर-खाली करून बघितली, आणि मला फोन आला.

"सर, लिफ्ट तो चल रही है. कोई अटका नहीं है."

मी सांगितलं, बाथरूममध्ये अडकलेत, माझे वडील, चौथा मजला, तुम्ही खालीच आहात तर वर या.

"सर, मैं लिफ्टवाला हूँ. उसके लिए कार्पेंट्री में रिक्वेस्ट डालना पड़ेगा." तो अगदी आदबीने बोलत होता. माझी माणसंही असंच बोलतात. आम्ही त्यांना शिकवतो.

वॉचमन जुम्म्याच्या नमाजला गेला होता. क्लिनिकमधून बायकोचा फोन आला, लेकीने तिला कळवलं होतं. ती म्हणाली, सिव्हिल डिफेन्सच्या बचाव पथकाला फोन कर, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबू.

ही पाच मिनिटं मला सांगायची नव्हती, पण ती वगळली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी फोन केला नाही, कारण मला भीती वाटली. कसली, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. गणवेशातली माणसं येतील, नावं लिहून घेतील, इमारतीला नोंद जाईल, कोणीतरी विचारेल की म्हातारा माणूस आत आणि तुम्ही कुठे होतात. इथे असं काही विचारून कोणी त्रास दिल्याचा माझा अनुभव नाही, उलट ते लोक तत्पर असतात. पण चौदा वर्षं मी एकच गोष्ट केली होती, कोणाच्या नजरेत न येणं. ती सवय हातात शिरली होती.

आणि दुसरी गोष्ट. हे सगळं चालू असताना माझ्या डाव्या कानात इअरबड होता. मॅनेजरला मी घरी अडचण असल्याचं कळवलं होतं, आणि तो म्हणाला होता, हवा तेवढा वेळ घे, फक्त लाइनवर राहा. म्हणून मी लाइनवर होतो. दारापाशी गुडघ्यांवर बसलेलो असताना कोणीतरी माझं नाव घेतलं आणि मी म्हणालो, "येस, आय ॲम हियर."

आतून बाबांनी विचारलं, "कोणाशी बोलतोयस?"

मी सांगितलं, ऑफिस. थोड्या वेळाने लेकीने काहीतरी विचारलं तर त्यांचं उत्तर उशिरा आलं, आणि शब्द जड होते. मी इअरबड काढून फेकला आणि फोन हातात घेतला. नंबर लावणार तोच बाहेरच्या दारातून पावलं आत आली.

समोरच्या फ्लॅटमधले भाई होते. रत्नागिरीकडचे, साठीतले, आम्ही त्यांना भाईच म्हणतो. नमाजहून परतत होते, पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी. आमचं दार सताड उघडं दिसलं म्हणून डोकावले. त्यांचा दारं-खिडक्या बनवायचा छोटा कारखाना अल कुसैसच्याच इंडस्ट्रियल एरियात आहे, हे मला माहीत होतं. चार वर्षं समोरासमोर राहून ते मला आठवलं नव्हतं.

भाईंनी एकच प्रश्न विचारला, आतून कडी लावलीय का. नाही म्हटल्यावर ते खाली गाडीपर्यंत जाऊन आले, हातात जुन्या करवतीच्या पात्यासारखी पत्र्याची एक पट्टी घेऊन. गुडघ्यावर बसले. पट्टी फटीतून आत सरकवली आणि दारावर तोंड ठेवून मराठीत म्हणाले, "साहेब, जरा दार तुमच्याकडे ओढून धरा. हां. अजून थोडं."

बाबांनी ओढलं. टक असा आवाज झाला आणि दार उघडलं. मिनिटही लागलं नसेल.

बाबा दारामागच्याच कमोडच्या झाकणावर बसले होते, बनियन अंगाला चिकटलेला, मांडीवर रसाची रिकामी पिशवी नीट घडी घातलेली. साखर एकावन्न निघाली. त्यांना सोफ्यावर निजवलं, मध चाटवला, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, तोवर ती चढायला लागली होती. भाईंच्या घरून पेज आली, तांदळाची, वर तूप. बाबांनी ती पेज सगळी प्यायली आणि भाईंना विचारलं, पट्टीची जाडी किती गेजची आहे. ते दोघं मग तासभर कुलपांवर बोलत बसले. मला त्या संभाषणात शिरता आलं नाही. मी लॅपटॉपवर जाऊन बघितलं, मीटिंग संपली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा सकाळी नऊला तयार होऊन बसायला लागले. भाई त्यांना गाडीत घालून कारखान्यावर न्यायचे आणि दुपारी जेवायला आणून सोडायचे. मला वाटलं, गप्पा मारायला जातात. त्यांच्या जेवणातला फरक बायकोच्या लक्षात आला, झोपेतला लेकीच्या. सहाव्या दिवशी मला वाटेत काम होतं म्हणून मी त्यांना घ्यायला गेलो. शेडमध्ये मोठा पंखा घोंघावत होता. बाबा टेबलाशी उभे होते, चष्मा कपाळावर, एका दाराच्या बिजागरीची भोकं बुजवून नवीन पाडत होते. बाजूला दोन कारागीर उभे राहून बघत होते. त्यांचे हात मी कित्येक वर्षांत असे चालताना बघितले नव्हते.

मी गाडीत बसेपर्यंत गप्प राहिलो. मग सांगितलं, की हे चालणार नाही.

"मी पगार घेत नाही," बाबा म्हणाले.

पगाराचा प्रश्न नाही, मी म्हटलं. तुमचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, त्यावर काम करता येत नाही. कोणी तपासायला आलं तर भाईही अडचणीत येतील. हे खोटं नव्हतं. नियम तसाच आहे.

"कोणी विचारलं का आजवर?"

"विचारेपर्यंत थांबायचं का?"

सिग्नल लागला. बाबा समोर बघत राहिले. "मला सांग, तू घाबरतोस कोणाला? नाव सांग एक. मी त्याच्याशी बोलतो."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली. लिफ्टमध्ये ते म्हणाले, की मला परत पाठव. माझ्या तोंडून सवयीने "बघू" निघालं.

संध्याकाळी त्यांनी भाईंना फोन करून सांगितलं, उद्यापासून येत नाही, गुडघा दुखतोय. माझं नाव घेतलं नाही. ते ऐकताना मला फार लाज वाटली, पण तरी मी उठून काही बोललो नाही. भाई दोनदा घरी येऊन गेले, बाबांसाठी मालिशचं तेल घेऊन. बाबांनी ते तेल दुखत नसलेल्या गुडघ्याला चोळलं, रोज, महिनाभर. ऑगस्टमध्ये बातम्या बघणंही कमी झालं. ते काचेपाशी खुर्ची ओढून बसायचे. चार मजले खाली पार्किंग होतं. कोणती गाडी किती वाजता येते, हे त्यांना पाठ झालं.

एके दिवशी जेवताना मी बायकोला म्हणालो, बाबा इथे सुरक्षित आहेत, तिकडे कोण बघणार. बाबा हात धुवायला गेले होते. लेकीने चमचा ताटात ठेवला.

"ही इज आस्किंग यू सिन्स एप्रिल," ती म्हणाली. "यू नेव्हर से नो. यू जस्ट से बघू. देन ही स्टॉप्स आस्किंग अँड यू थिंक इट्स डन."

चौदा वर्षांच्या मुलीने माझं काम मला समजावून सांगितलं होतं, आणि तिला माझं काम काय आहे ते पुरतं माहीतही नव्हतं.

मी उठून बाबांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, कधीचं तिकीट काढू. ते पलंगावर बसले होते. खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी रागावून आलोय का म्हणून. मग म्हणाले, "गणपतीच्या आधीचं मिळालं तर बघ." आणि थोड्या वेळाने, "तुला वाईट वाटत असेल तर नको."

मी म्हटलं, मला वाईट वाटतंय, पण तुम्ही जा.

तिकडची सोय लावायला तीन आठवडे गेले. बाहेरच्या खोलीत एक नवरा-बायको राहायला आले, दोघंही नर्सिंगमधले. काकूंकडे किल्ली राहिली. दंडावर चिकटवायचं एक यंत्र आणलं, साखर उतरली की माझ्या फोनवर कळतं. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं, स्क्रू नाही म्हणून नाक मुरडलं, पण लावून घेतलं. निघायच्या दिवशी भाई विमानतळापर्यंत आले. बाबांनी त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. भाई बराच वेळ मान हलवत होते.

काचेच्या दारापलीकडे जाण्याआधी बाबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, तब्येत सांभाळ म्हणतील. ते म्हणाले, "मी तिथे अडकलेलो असताना तू घाबरला होतास, ते मला आतून कळत होतं. मी नव्हतो घाबरलो. दाराला दोन बाजू असतात, एका बाजूला कोणी ना कोणी येतंच. मला तुझी काळजी वाटते. तुझ्या बाजूला मला दारच दिसत नाही." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पासपोर्ट पुन्हा एकदा खिशात चाचपला आणि गेले.

याला आता वर्ष होऊन गेलं. त्यांची साखर त्यानंतर दोनदा उतरली. एकदा माझ्या फोनवर इशारा वाजला आणि मी काकूंना कळवेपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या नर्स मुलीने त्यांना साखरपाणी दिलं होतं. दुसऱ्या वेळी ते स्वतःच उठून खडीसाखर खाऊन बसले होते. म्हणजे धोका टळलेला नाही. मी ऑफिसात असताना फोन वाजला, की आधी तोच इशारा आहे का ते बघतो, आणि बघतच राहणार. आळीतल्या लोकांचे पंखे पुन्हा ओसरीत यायला लागलेत. भाई मे महिन्यात गावी गेले होते, तेव्हा वाकडी वाट करून चिंचवडला दोन दिवस राहून आले. मला ते परत आल्यावर कळलं.

ऑफिसात मी त्या यादीत एक ओळ घालून घेतली, घरात अडकलेली व्यक्ती. दोन दिवसांत तक्रार बंद होण्याचा नियम काढावा असंही मी एका मीटिंगमध्ये सुचवलं. मॅनेजरने कौतुक केलं, मुद्दा लिहून घेतला आणि पुढच्या तिमाहीत विचार करू म्हणाला. तिमाही उलटली. मी पुन्हा विचारलं नाही. लेक आता तिच्या खोलीत झोपते. ती सोळाची होईल, मग अठराची, मग तिचं कॉलेज कुठे, हा प्रश्न आहे. तोवर इथून हलता येत नाही, असं मी आणि बायको एकमेकांना सांगतो.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, की व्हिसा पुन्हा झाला, परवाच बोटांचे ठसे देऊन आलो.

"किती वर्षांचा?"

"दोन."

पलीकडे कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचे आवाज येत होते. मग बाबांनी विचारलं, जेवलास का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, ठेवतो आता, याचा प्लग काढून बघायला पाहिजे.